बैल बसला तेव्हा

एरवी या पानावर आपली भेट होते ती चहाचा कप संपेपर्यंतची. दिवाळी अंकात मात्र संपादकांनी ऐसपैस जागा दिली आहे, तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट जवळ ओढून निवांत बसावे. विषय मात्र फराळासारखा गोड नाही. आमचा जुना लॅपटॉप बसला, त्याची ही हकीगत आहे.

‘बसला’ हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. माझे विद्यार्थी ‘हँग झाला’ म्हणतात. काही जण ‘गोठला’ असे शुद्ध मराठीत सांगतात. पण उन्हाळ्यात पारा चाळिशीपार नेणाऱ्या आमच्या परभणीत गोठते काय, तर थंडीच्या चार दिवसांत बाटलीतले खोबरेल तेल! शेतकऱ्याच्या तोंडी याहून नेमका शब्द आहे. चांगला चालता चालता बैल मधेच पाय दुमडून खाली बसतो. डोळे उघडे असतात, श्वास चालू असतो, पण जनावर जागचे हलत नाही. आमच्या लॅपटॉपचे अगदी हेच झाले. बटन दाबले की दिवा लागे, विंडोजचे चिन्ह येई, मी संकेतशब्द घाली, पडद्यावर आमच्या सहलीचे चित्रही उमटे. आणि मग ते छोटे निळे कडे गरगर फिरू लागे ते फिरतच राही. दहा मिनिटे गेली, वीस गेली, तरी कशावरही टिचकी मारा, उत्तर नाही.

हा लॅपटॉप मी २०११ साली हप्त्याने घेतला. तेव्हा त्यात विंडोज सात होते. पुढे २०१६ मध्ये, फुकट मिळते म्हणून, त्यावर विंडोज दहा चढवले. जनावर तेच, वय वाढलेले, आणि गाडीत ओझे मात्र दुप्पट! ही चूक माझीच, ती मी आधी कबूल करून टाकतो.

दुखणे घरात आले की वैद्य दारात जमतात. शेजारच्या गृहस्थांनी बॅटरीवर ठपका ठेवला. आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांनी ‘व्हायरस’ असे दोन्ही डोळे मिटून सांगितले. सौ.चे निदान सर्वांत सोपे होते. “अहो, चौदा वर्षं झाली त्याला. आता नवा घ्या की!”

शेवटी मी तो काखोटीस मारून एका दुकानात गेलो. दुकानदाराने झाकण उघडले, दोन मिनिटे पाहिले आणि दात काढणाऱ्या डॉक्टरच्या सहजतेने म्हणाला, “फॉरमॅट मारावं लागते.”

“म्हणजे काय होईल?”

“काही नाही. सगळं साफ होते. नव्यासारखं चालते.”

‘सगळं साफ’ हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. मी लॅपटॉप उचलला आणि उन्हातून तसाच घरी परतलो.

त्याचे कारण सांगायला हवे. गंगाखेडच्या अलीकडे गोदाकाठच्या एका खेड्यात माझी मावशी राहत असे. तिला जात्यावरच्या ओव्या येत. किती येत, हे तिलाही ठाऊक नव्हते. २०१२ च्या उन्हाळ्यात मी ध्वनिमुद्रणाचे छोटे यंत्र घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटले, “मावशी, सांग ओव्या.” ती हसली आणि म्हणाली, “अशा कशा सांगू बाबा? जातं फिरल्याबिगर ओवी येत नसती.” दळण केव्हाच गिरणीवर गेले होते. जाते कोपऱ्यात पडले होते. लग्नात हळदीपुरते ते पुढे येई. ते आम्ही धुऊन पुसून मांडले, तिने मूठभर जोंधळे घातले, खुंटा धरला आणि खरोखरच ओव्या येऊ लागल्या. चार दिवसांत एकोणीस ध्वनिफिती झाल्या. नंतर वर्षभर रात्री बसून मी त्या टंकलिखित केल्या. भावासाठी, लेकीसाठी, विठ्ठलासाठी आणि काही सासूच्या नावाने बोटे मोडणाऱ्या, अशा तीनशेवर ओव्या झाल्या. त्यावर पीएच. डी. करावी असा बेत होता. तो बेतच राहिला आणि मी एम. ए.च राहिलो. २०२१ मध्ये मावशी गेली. ते ध्वनिमुद्रण, ती टिपणे, सगळे याच लॅपटॉपात होते आणि दुसरीकडे कोठेही नव्हते.

दरवर्षी वर्गात मी मौखिक परंपरेच्या जतनावर पाऊण तास बोलतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचता-ऐकता येतात. हे मुलांना सांगताना माझा आवाज चढतो. आणि त्याच वेळी माझ्या मावशीच्या तीनशे ओव्या एकाच म्हाताऱ्या यंत्राच्या पोटात, दुसऱ्या प्रतीवाचून पडून होत्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

जनाबाईला दळू लागायला प्रत्यक्ष विठ्ठल आला, असे आमच्या गंगाखेडची मंडळी सांगतात. माझ्या मदतीला माझा एक जुना विद्यार्थी आला. मराठीत त्याला मी पस्तीस गुण दिले होते; दिले म्हणण्यापेक्षा त्याने ते ओढून नेले होते. आता तो बसस्थानकाजवळ मोबाईल आणि संगणक दुरुस्त करतो. घर शेतकऱ्याचे. रविवारी सकाळी तो आला, चहा घेतला, पण लॅपटॉपला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारू लागला.

“कधीपासून असं व्हायलंय, सर? बसायलंय ते दर वेळी एकाच ठिकाणी का? त्याच्या आधी काही नवीन घातलं होतं का? बसल्यावर बाजूचा डिस्कचा दिवा विझतो, का सारखा जळत राहतो?”

दिवा सारखा जळत राहतो, हे मी पाहिले होते. पण त्याला काही अर्थ असेल असे वाटले नव्हते. डिस्कला श्वास घ्यायला फुरसत नाही, असा त्याचा अर्थ होता.

मग त्याने लॅपटॉपला जोडलेले सगळे काढले. प्रिंटर, माउस, पेनड्राइव्ह, सगळे. कधी कधी एखादा बिघडलेला पेनड्राइव्हही सुरुवातीलाच यंत्राला अडवून धरतो म्हणे. तरीही बैल बसलेलाच! त्यानंतर तो म्हणाला, “सर, बैल बसला तर तुमच्या गावाकडं आधी काय करतेत?”

“जू काढतात.”

“बस्स. आपणबी जू काढू.”

त्या जू काढण्याला संगणकाच्या भाषेत ‘सेफ मोड’ म्हणतात. विंडोज सातमध्ये सुरुवातीलाच एफ ८ ची कळ दाबली की तो पर्याय मिळे. विंडोज दहात ‘शिफ्ट’ची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे लागते. आणि यंत्र तिथवर पोचतच नसेल, तर सुरू होता होताच बटन दाबून ठेवून ते बंद करायचे, असे दोन-तीनदा करायचे. मग ते आपण होऊनच दुरुस्तीचा पडदा पुढे करते. त्यातल्या ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये चौथा पर्याय सेफ मोडचा. या मार्गाने यंत्र केवळ अत्यावश्यक तेवढेच सोबत घेऊन उठते. तसे उठून ते चालले, तर बहुधा ओझ्याचा दोष. तसेही न उठले, तर दुखणे अंगातले असण्याचा संभव अधिक.

आमचा लॅपटॉप उठला! चित्र मोठे आणि ओबडधोबड दिसत होते, पण माउसचा बाण हलत होता. मला तर भरून आले.

पोराने ‘टास्क मॅनेजर’ उघडून सुरुवातीलाच कोण कोण गाडीत चढते त्याची यादी दाखवली. चौदा नावे निघाली. दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचा मदतनीस अजून रोज हजर होत होता. व्हायरस मारणारे कार्यक्रम तर दोन होते. एका म्यानात दोन तलवारी! दोघे एकमेकांवरच पहारा करीत बसले होते. त्याने बारा नावांना रजा दिली.

“आता नीट सुरू करून बघू या का?” मी उतावीळपणे विचारले.

“नाही सर. आधी सामान उतरवू. बैल उठला म्हणून लगेच गाडीला जुंपायचा नसतो.”

या एका वाक्याला मी पस्तीसाचे पंच्याऐंशी गुण करायला तयार आहे. कारण त्याने बाहेरची डिस्क जोडली, माझ्या फायली त्यावर उतरवायला सुरुवात केली, आणि ओव्यांच्या फोल्डरपाशी येताच काम थबकले. आतून टकटक असा बारीक आवाज येऊ लागला. पोराने त्याच क्षणी लॅपटॉप बंद केला. “डिस्क जायला लागली, सर. आता हिला पळवायचं नाही.”

म्हणजे दुखणी दोन होती. ओझेही होते आणि हाडही मोडत आले होते. सेफ मोडमध्ये डिस्कला काम कमी पडले, म्हणून ती तेवढी चालली. अशा वेळी ‘चेक डिस्क’ नावाचे दुरुस्तीचे औषध द्यायचा मोह होतो. पण ते सबंध डिस्क पिंजून काढते आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला ते मानवत नाही. आधी प्रत काढावी, औषध मागाहून द्यावे.

त्याने मागचे स्क्रू काढले. पंख्याच्या जाळीत धूळ अशी दाटली होती की जणू कापसाचे बोंड फुटले आहे. परभणीच्या उन्हाळ्यात गादीवर ठेवून मी हा लॅपटॉप वापरीत असे, तेही त्याने मला ऐकवले. डिस्क घेऊन तो दुकानी गेला आणि आपल्या संगणकाला केबलने जोडून रात्रभर तिची नक्कल काढीत बसला. जेथे वाचता येत नाही ती जागा सोडून पुढे जायचे, सोपे ते सगळे आधी उतरवून घ्यायचे, आणि मग अवघड जागी परत यायचे, अशी त्याची रीत.

“सोपे प्रश्न आधी सोडवा, हे तुम्हीच सांगायचे ना सर, परीक्षेच्या वेळी!”

दुसऱ्या दिवशी त्याने निकाल सांगितला. एकोणीसपैकी अठरा ध्वनिफिती पूर्ण हाती लागल्या. एकोणिसावी अर्ध्यावर तुटली. जात्याची घरघर ऐकू येते, मावशी ओवीचा पहिला चरण म्हणते, दुसऱ्याला सुरुवात करते, आणि पुढे काहीच नाही.

टिपणे उघडली तर तेथे दुसरेच संकट. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि कंस यांची खिचडी! कारण मी ती जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकली होती. त्या फाँटात आत साठते ते इंग्रजी अक्षरच, त्यावर नुसते मराठीचे सोंग चढवलेले. सोंग उतरले की ‘क’चा काही भलताच होतो. वास्तविक देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे आणि त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पण छापखान्याला जुनाच फाँट लागतो म्हणून मी २०१२ मध्येही त्यालाच चिकटून राहिलो. मग तो फाँट नव्या यंत्रावर घातला, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि ओळ न् ओळ वाचून तपासली. रफार पळाले होते, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होते तशा दिसत होत्या. ते काम मात्र माझ्याच धंद्यातले. आवाज ऐकत ऐकत तपासले, म्हणजे दोन महिने रोज रात्री मावशीच्या संगतीत गेले.

एवढे करूनही ती एक ओवी अर्धीच होती. टिपणातही ती नव्हती; शेवटची फीत टंकायची राहून गेली होती.

श्रावणात मी मावशीच्या गावी गेलो. ओसरीवर तिच्या सुना आणि शेजारच्या चार म्हाताऱ्या जमल्या. मोबाईलवर ती तुटकी फीत लावली. मावशीचा आवाज येताच धाकट्या सुनेने पदर डोळ्याला लावला. आवाज तुटला. सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. “पुढं काय होतं गं?” कोणालाच आठवेना. तेव्हा त्यांतली सर्वांत थोरली म्हातारी म्हणाली, “अशी कशी आठवंल? जातं मांडा की.”

जाते मांडले. दोघी बसल्या. चार फेरे नुसतेच झाले, आणि पाचव्या फेऱ्याला त्या म्हातारीने पहिला चरण धरला. दुसरा आपोआप मागून आला. दुसरी बाई म्हणाली, “आमच्यात असं नाही म्हणत,” आणि तिने तिसराच शेवट सांगितला. मी दोन्ही उतरवून घेतले. घेताना मनात आले, ही ओवी त्या डिस्कवर कधी पूर्ण नव्हतीच. तिची एक प्रत माझ्याकडे होती, इतकेच.

लॅपटॉप आता चालतो. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी न फिरणारी एसएसडी आली, स्मरणशक्ती दोनाची चार जीबी झाली, नव्यापेक्षा पुष्कळच कमी पैशांत काम झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज दहाची नियमित देखभाल संपवली, म्हणून बँकेचे व्यवहार मी त्यावर करीत नाही. लिहिण्यापुरता तो ठेवला आहे. म्हातारा बैल आहे, दारात राहू द्या.

जाणकार सांगतात, मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. माझी एक प्रत लॅपटॉपात आहे, दुसरी कपाटातल्या डिस्कवर. तिसरी मावशीच्या धाकट्या सुनेच्या मोबाईलात आहे. परवा तिचा फोन आला होता. दिवाळीचे दळण घरीच काढले म्हणाली. थोडेसेच, पण जात्यावर.