सातबाऱ्यावर नाव कोणाचं?

दोन वैरी राष्ट्रांनी एक द्वीपसमूह सामायिक सांभाळला, चौऱ्याहत्तर वर्षांत तिथे एकमेकांवर गोळी झाडली नाही, तेव्हा आजच्या बेटतंट्यांवरही हाच उतारा, असं एक विद्वान हल्ली जागोजागी सांगत असतात. दाखला न्यू हेब्रिडीजचा, म्हणजे आजच्या वानुआतूचा. ब्रिटन आणि फ्रान्स यांची संयुक्त राजवट तिथे १९०६मध्ये स्थापन झाली आणि १९८०पर्यंत टिकली. विद्वानांचा सिद्धान्त एवढाच, की भांडण झालं नाही म्हणजे व्यवस्था चांगली होती. मला हा सिद्धान्त चुकीचा वाटतो आणि त्याचा रागही येतो.

पहिली गोष्ट, शांतता या व्यवस्थेमुळे नव्हती. या दोन देशांनी १९०४मध्येच आपसातले वसाहतींचे तंटे मिटवले होते, कारण दोघांनाही धास्ती जर्मनीची होती. दुसरी गोष्ट खर्चाची. दोन पोलीस दलं, दोन तुरुंग, दोन आरोग्यसेवा, दोन चलनं. याला सहकार्य म्हणत नाहीत, एका घरातल्या दोन चुली म्हणतात.

पण खरा मुद्दा तिसरा आहे आणि विद्वान त्याला कधी हातच लावत नाहीत. बेटांवर राहणारा माणूस या करारात कुठे होता? ब्रिटिश माणसाला ब्रिटिश कायदा, फ्रेंचाला फ्रेंच. तिसऱ्या देशातून आलेल्या परक्यालाही दोहोंपैकी एक कायदा निवडायची मुभा. मूळ रहिवाशाला मात्र यातलं काहीच नाही. दोहोंपैकी कोणत्याही सत्तेचं नागरिकत्व त्याला तिथे मिळणार नाही, असं करारातच लिहिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत त्याचे पूर्वज पुरले, त्या मातीवर तो कोणत्याही देशाचा नागरिक नव्हता. परदेशी जायचं तर दोन्ही सत्तांच्या आयुक्तांच्या सहीचा कागद लागे. जमिनीचे दावे ज्या संयुक्त न्यायालयापुढे चालत, तिथे एक न्यायाधीश ब्रिटिश, एक फ्रेंच आणि अध्यक्ष स्पेनच्या राजाने नेमलेला. ज्याची जमीन, त्याचा माणूस न्यायासनावर नाही. शाळाही दोन प्रकारच्या. कोणी इंग्रजीत शिकलं, कोणी फ्रेंचमध्ये, आणि पुढे तीच फूट राजकीय पक्षांत उतरली. मालक एकमेकांशी भांडले नाहीत, पण त्यांच्या वाटणीची भेग रयतेच्या अंगणातून गेली.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. ‘सावकार आणि खोत यांचं सख्य होतं, गाव शांत होतं’ असं सांगणारे कूळकायद्याच्या वेळीही होते. कुळाला कोणी विचारलं होतं? इंग्रजांच्या रेल्वेचे गोडवे गाणाऱ्यांशीही मी हेच भांडलो आहे. वरच्यांची सोय म्हणजे खालच्यांचं सुख नव्हे, हे किती वेळा सांगायचं?

आणि या व्यवस्थेचा शेवट तरी शांततेत झाला का? १९८०मध्ये स्थानिक पुढारी जिमी स्टीव्हन्स यांच्या अनुयायांनी तिथल्या सांतो बेटावर बंड केलं. दोन्ही सत्तांचं सैन्य आलं, पण ते बंड मोडायचं की नाही यावरच त्यांचं एकमत होईना. अखेर स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान वॉल्टर लिनी यांच्या सरकारला पापुआ न्यू गिनीचं सैन्य बोलवावं लागलं.

मग बेटांच्या तंट्यावर उपाय काय? रहिवाशाची जमीन आणि भाषा आधी सुरक्षित करा, झेंड्याचं नंतर बघू. ओलांड बेटांवर स्वीडन आणि फिनलंड दोघांचाही दावा होता. रहिवाशांना स्वीडन हवं होतं. १९२१मध्ये राष्ट्रसंघाने बेटं फिनलंडला दिली, पण स्वायत्तता, स्वीडिश भाषा आणि जमिनीचे हक्क यांची हमी घेऊनच. निकाल रहिवाशांच्या मनासारखा नव्हता, तरी ती व्यवस्था आजही टिकून आहे, कारण तिच्यात त्यांचा विचार होता.

वानुआतूनेही स्वतंत्र होताच तेच केलं. संविधानात लिहिलं, की देशातली सगळी जमीन मूळ परंपरागत मालकांची आणि त्यांच्या वंशजांची. मळ्यांवरच्या मजुरांच्या तोंडी घडलेली बिस्लामा राष्ट्रभाषा झाली. वाचकहो, पुढच्या वेळी कोणी सामायिक बेटांचं कौतुक सांगू लागलं, तर एवढंच विचारा, की तिथल्या सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव होतं का? न्यू हेब्रिडीजमध्ये ते ३० जुलै १९८०पर्यंत नव्हतं.