सरकार वेगळे, माणसे वेगळी

गाझाच्या बातम्या आल्या की जयसिंगपुरातही चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. युद्धावर मत असावे, ठामपणे मांडावे. पण इस्रायलमधल्या मराठी माणसाला त्याच्या सरकारचा वकील किंवा आरोपी ठरवणे अन्यायाचे आहे.

अलिबाग-पेणच्या गावांतून मुंबईला आणि १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी ज्यूंनी, तिथे मराठी जपली, ‘मायबोली’ हे नियतकालिक चालवले. त्यांची देशनिष्ठा मुकी मात्र नव्हती. १९५१च्या सुमारास त्यांनी भेदभावाविरुद्ध धरणे धरले, ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी केली; काही कुटुंबे खरोखर परतली. पुढे तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढल्या, तेव्हा ते पुन्हा रस्त्यावर उतरले. अखेर १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यूच असल्याचा निर्वाळा दिला. ज्या देशाच्या ओढीने गेले त्याच देशाशी लढून मिळवलेला हा मान आहे, आणि आम्हाला त्याचे मोल फार वाटते.

भारताने इस्रायलला १९५०मध्ये मान्यता दिली, तरी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२मध्ये जुळले. मधल्या काळात दिल्लीचे धोरण काहीही असो, या मंडळींना दोन्ही घरे आपलीच होती. मराठी वृत्तपत्रांनी सरकारी निवेदनांपलीकडे जाऊन त्यांच्याशी त्यांच्याच मराठीत बोलावे. सरकारच्या बाजूचे छापावे, विरोधातलेही छापावे, आणि गाझातल्या पोरक्या मुलांविषयी त्यांना काय वाटते तेही विचारावे.