शंभर फ्रँकची नोट

वाइनच्या मुलखात मित्रांबरोबर सायकली फिरवत सुटी घालवणे ही शहरी हौस आहे. हौस म्हणूनच आम्ही कृषी महाविद्यालयातले चार जुने सोबती दक्षिण फ्रान्समध्ये मिदी कालव्याच्या काठाने निघालो. हा कालवा १६८१ साली मालवाहतुकीसाठी खुला झाला, लांबी सुमारे २४० किलोमीटर. बेझिए गावाच्या वरच्या अंगाला ५४ किलोमीटरच्या टप्प्यात बोटी चढवण्या-उतरवण्याचे एकही दार नाही, म्हणून वाटही सपाट. चाळिशीच्या गुडघ्यांना ती मानवते. मुळ्यांनी उखडलेल्या जागी बूड मात्र चांगलेच शेकते.

दोन्ही बाजूंना द्राक्षे. नाशिककडच्यासारखा मांडव नाही. जुने वेल गुडघ्या-मांडीएवढे, तारेचा आधार नसलेले, गोट्यांच्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या पावसावर वाढलेले. कोरडवाहूच म्हणा ना! पर्यटकांच्या माहितीपत्रकात यातले सगळे असते. किल्ले असतात, चव असते, संध्याकाळचे ऊन असते. भाव तेवढा नसतो.

याच कालव्याजवळ आर्झेलिए नावाचे खेडे आहे. ११ मार्च १९०७ रोजी तिथून ८७ द्राक्षशेतकरी नार्बोनला सरकारी चौकशी समितीपुढे गाऱ्हाणे मांडायला निघाले. म्होरक्या मार्सेलँ आल्बेर, स्वतः द्राक्षे पिकवणारा आणि गावात कॅफे चालवणारा. गाऱ्हाणे काय होते? फिलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागा बसवल्या. शेतकऱ्यांनी अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून त्या पुन्हा उभ्या केल्या. दरम्यान टंचाईच्या नावाखाली साखर आणि पाणी घालून 'वाइन' बनवण्याचा धंदा बोकाळला होता, अल्जीरियाचा मालही येत होता. बागा पिकल्या आणि भाव कोसळला. त्या शेतकऱ्यांनी भीक मागितली नाही. आमच्या मालाच्या नावाने साखरपाणी विकू नका, एवढेच त्यांचे म्हणणे.

दर रविवारी सभा वाढत गेल्या. ९ जूनला माँपेलिएत किमान पाच लाख लोक जमले. कर बंद झाले, शेकडो गावच्या कारभाऱ्यांनी राजीनामे दिले. पंतप्रधान क्लेमान्सोने सैन्य धाडले, नार्बोनमध्ये गोळीबारात माणसे मेली. ते ऐकून १७ व्या पलटणीतले सुमारे ५०० शिपाई बंड करून बेझिएला आले. त्याच भागातली, शेतकऱ्यांचीच पोरे ती!

मग क्लेमान्सोने जे केले ते प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे असे आहे. आल्बेर एकटाच पॅरिसला त्याला भेटायला गेला. क्लेमान्सोने गाडीभाड्यासाठी म्हणून त्याच्या हातावर शंभर फ्रँकची नोट ठेवली आणि ही गोष्ट वर्तमानपत्रवाल्यांना सांगून टाकली. आल्बेर परतला तो विकला गेलेला पुढारी म्हणूनच. आमच्या मते तो भोळा होता, विकाऊ नव्हता. पण बरोबर चार माणसे नेली असती तर? आंदोलन मात्र वाया गेले नाही. २९ जून १९०७ ला भेसळीविरुद्ध कायदा झाला, प्रत्येकाने आपले पीक गावच्या कचेरीत जाहीर करायचे ठरले, साखरेवर जादा कर बसला. सप्टेंबरात द्राक्षशेतकऱ्यांचा महासंघ उभा राहिला.

म्हणून तिथे आता आबादीआबाद आहे असे कुणी समजू नये. वाइनचा खप घटतो आहे. २०२४ साली फ्रेंच सरकारने वेल कायमचे उपटणाऱ्याला हेक्टरी ४,००० युरो देण्याची योजना काढली, आणि याच भागातल्या शेतकऱ्यांनीही अर्ज केले. कालव्याच्या कडेला उपटलेल्या खोडांच्या राशी आम्ही पाहिल्या. सोबत्यांपैकी एकाने खोड उलटे करून कलमाचा सांधा दाखवला. थोडा वेळ कुणीच सायकलवर बसले नाही.

सरकारी खर्चाने परदेशी अभ्यासदौऱ्याला जाणाऱ्यांनी वाइनची चव जरूर घ्यावी. मात्र त्याच गावच्या सहकारी कारखान्यात शिरून शेतकऱ्याच्या हाती लिटरमागे काय पडते तेही विचारावे आणि परत आल्यावर तो आकडा बैठकीत सांगावा.