जिरा आणि जिरवाजिरवी

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. तीसेक वर्षं त्यांनी तिकिटं फाडली. मी इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागलो आणि पहिल्यांदा सुट्टीला घरी गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "नक्की करतोस काय रे तिकडे?" म्हटलं, "तिकिटं बंद करतो." ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपलं खातं एकच."

तुम्ही आयटीत नसाल तर थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं. बटणाचा रंग बदलायचा, तिकीट. पेमेंट अडकतंय, तिकीट. हे तिकीट एका डिजिटल फळ्यावर डावीकडून उजवीकडे सरकत जातं: करायचंय, चालू आहे, तपासणीत आहे, झालं. दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत ही सरकासरकी चालते, त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. हा सगळा संसार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे जिरा. या जातीची आणखी डझनभर सॉफ्टवेअरं बाजारात आहेत. आमच्या कंपनीत त्यातलं कुठलं आहे ते सांगत नाही, कारण पुढे जी गोष्ट सांगणार आहे तिचा दोष सॉफ्टवेअरचा नाही. आमचा आहे, आणि त्यात माझाही.

या सॉफ्टवेअरमध्ये सतत काहीतरी नवीन येत असतं. नवा रिपोर्ट, नवी टाइमलाइन, नवं ऑटोमेशन, आता एआय. प्रत्येक वेळी सांगण्याचा सूर एकच: तुम्ही मागितलंत, आम्ही दिलं. माझं भांडण या 'तुम्ही'शी आहे. हे 'तुम्ही' म्हणजे दिवसभर तिकिटं भरणारे आपण नव्हे. सॉफ्टवेअर वापरणारा वेगळा आणि विकत घेणारा वेगळा असला, की नवी सोय विकत घेणाऱ्याचीच होते. वापरणाऱ्याच्या वाट्याला येतो आणखी एक सक्तीचा रकाना.

थोडा इतिहास बघा, म्हणजे गंमत कळेल. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ रिसॉर्टवर सतरा जण जमले. सगळे सॉफ्टवेअरवाले, आणि सगळे जाडजूड कागदपत्रांना आणि वर्षभर आधी ठरवलेल्या आराखड्यांना वैतागलेले. त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला, अजाइल मॅनिफेस्टो. त्यातलं पहिलंच मूल्य असं, की प्रक्रिया आणि साधनं यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद महत्त्वाचा. पुढच्याच वर्षी, २००२ साली, सिडनीत माइक कॅनन-ब्रूक्स आणि स्कॉट फार्कर या दोन तरुणांनी अ‍ॅटलॅसियन ही कंपनी काढली आणि जिरा बाजारात आणलं. त्याआधी बग नोंदवायला बगझिला नावाचं साधन लोकप्रिय होतं. त्यावरून गॉडझिला आठवला, गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, आणि त्याचं शेपूट उरलं जिरा.

मराठी माणसाला हे नाव ऐकून आधी फोडणी आठवते. आयटीत दोन वर्षं काढली की दुसरा अर्थ कळतो. जिरवणे. "कशी जिरवली!" यातलं.

साधनांपेक्षा माणूस मोठा म्हणणाऱ्या चळवळीचा आज सगळ्यात मोठा व्यवसाय साधनं विकण्याचा आहे. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोराला अजाइल म्हणजे काय विचारा. तो जाहीरनाम्याबद्दल बोलणार नाही. फळा दाखवेल.

आता स्टोरी पॉइंट. कामाचा अंदाज तासांत केला की तो चुकतोच, म्हणून ही युक्ती निघाली. हे काम त्या कामाच्या मानाने केवढं, एवढंच ठरवायचं. १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे वापरायचे. हे माप टीमने टीमसाठी ठेवायचं, पुढच्या स्प्रिंटमध्ये किती ओझं उचलायचं हे कळावं म्हणून. एका टीमचे ५ आणि दुसऱ्या टीमचे ५ यांची तुलना होऊ शकत नाही, जशी माझ्या आजीच्या 'मूठभर' मिठाची तुमच्या आजीच्या मुठीशी होत नाही. ज्या सतरा जणांनी तो जाहीरनामा लिहिला त्यांतले एक, रॉन जेफ्रिज. स्टोरी पॉइंट कदाचित आपणच शोधून काढले असतील आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. स्क्रमची जी अधिकृत मार्गदर्शिका आहे तिच्यात स्टोरी पॉइंट हा शब्दसुद्धा नाही. तरी आपल्या ऑफिसात हे पॉइंट नसतील तर जणू सूर्य उगवणार नाही.

आता मूळ गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मॅनेजरने मला विचारलं, "प्रत्येकाने किती पॉइंट बंद केले, हे एका स्क्रीनवर दिसेल का?" प्रश्न साधा होता. असे प्रश्न या सॉफ्टवेअरबद्दल जगभर विचारले जातात, कारण पॉइंटचा मूळ तक्ता टीमचा असतो, माणसाचा नसतो. ही उणीव नाही, शहाणपण आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला फक्त एक कोडं दिसलं. शनिवारी बसून एक पायथन स्क्रिप्ट लिहिली, एपीआयमधून सगळी तिकिटं ओढली, माणसागणिक बेरीज केली आणि रंगीत पट्ट्यांचा सुंदर डॅशबोर्ड केला. रोज सकाळी नऊला आपोआप ताजा होणारा. सोमवारी सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. मला ते आवडलं, हेही कबूल करतो.

आमच्या टीममध्ये एक मुलगी होती, माझ्यापेक्षा वर्षभराने सीनियर. प्रॉडक्शनला रात्री दोन वाजता काही फुटलं की फोन तिला. नवीन पोरांचा कोड तपासणार ती. तपासताना नुसतं 'बदल हवा' लिहून सोडून देणार नाही, शेजारी बसवून का ते सांगणार. मला डेटाबेसचं इंडेक्सिंग कॉलेजने नाही, तिने शिकवलं. यातल्या एकाही गोष्टीचं तिकीट नव्हतं. डॅशबोर्डवर तिची पट्टी सगळ्यात आखूड.

अप्रेझलच्या वेळी ती आखूड पट्टी तिच्यासमोर ठेवली गेली. रेटिंग खाली आलं. ती भांडली नाही. पुढच्या स्प्रिंटपासून तिने एवढंच केलं, की मदत मागायला आलेल्याला ती म्हणायची, "तिकीट टाक." तीन महिन्यांत तिची पट्टी लांब झाली आणि सहाव्या महिन्यात तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं, "माझ्यावर राग आहे का?" ती म्हणाली, "तुझ्यावर कशाला? तू तर फक्त तिकीट बंद केलंस."

हे वाक्य मी अजून पचवू शकलेलो नाही.

ती गेल्यावर काय झालं तेही सांगतो. सगळ्यांना खेळ कळला. ३ पॉइंटची कामं ५ची झाली, ५ची ८ची. एका कामाची चार तिकिटं झाली. वेगाचा आलेख वर गेला आणि कंपनीत टाळ्या वाजल्या. ग्राहकाच्या हातात जे पडत होतं ते तेवढंच होतं, किंबहुना कमीच. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियम सांगितला जातो: मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते मोजमाप निकामी होतं. आम्ही त्याचं प्रात्यक्षिक केलं, तेही पगार घेऊन.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं उत्तर, "मोजलंच नाही तर कळणार कसं?" मोजा की. ग्राहकाची तक्रार किती दिवसांत सुटली ते मोजा. रिलीजनंतर किती वेळा धावपळ झाली ते मोजा. ही मापं टीमची आहेत आणि कामाची आहेत. माणसाच्या गळ्यात पाटी अडकवून त्यावर आकडा लिहिणं याला मोजणं म्हणत नाहीत.

दुसरं उत्तर, "मग परत एक्सेलवर जायचं का?" अजिबात नाही. फळा ही उत्तम गोष्ट आहे. कोण कशात अडकलंय हे सगळ्यांना दिसतं, घरून काम करणाऱ्यालाही. पण या फळ्याचं मूळ कुठलं ते आठवा. कानबानची कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली, ताइइची ओनो यांची. पुढच्या टप्प्याला गरज असेल तेवढंच मागच्याने बनवायचं आणि त्याची खूण म्हणजे कार्ड. त्याच कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरीही असते. काही बिघडलेलं दिसलं की तो ती ओढतो. टीम लीडर धावत येतो, आणि तेवढ्यात अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. आपण कार्ड उचललं आणि दोरी तिथेच ठेवून आलो.

जिरात तिकिटावर झेंडा लावता येतो, तिकीट पिवळं होतं. एका रकान्यात किती कामं असावीत याची मर्यादा घालता येते, ती ओलांडली की रकाना लाल होतो. पण पिवळ्या-लालने काहीही थांबत नाही. उलट दुसऱ्या दिवशी स्टँडअपला विचारतात, "तुझं पिवळं का झालं?" दोरी ओढणाऱ्याचीच जिरते.

स्टँडअपवरून आठवलं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न आपण आरतीसारखे म्हणतो. स्क्रमच्या मार्गदर्शिकेतून ते २०२०च्या आवृत्तीत काढून टाकले. लिहिणाऱ्यांना मार्गदर्शिका कमी हुकमी करायची होती. आपण अजून हजेरी देतोय.

आणि आता एआय. मीटिंग ऐकून ते तिकीट लिहितं. तिकिटावर पन्नास कमेंट झाल्या की त्यांचा सारांशही तेच करतं. यंत्राने लिहायचं, यंत्राने वाचायचं आणि मधे आपण 'चालू आहे'वरून 'झालं'वर ढकलायचं. वेळ वाचतो हे खरं. तो कोणाचा झाला, हे विचारा. आमच्याकडे तरी वाचलेल्या वेळात आणखी तिकिटं आली.

आपण वापरणारे कसले प्रश्न विचारतो तेही पाहण्यासारखं आहे. मेलचा भडिमार कसा थांबवू? चाळीस तिकिटं एकदम कशी हलवू? हा रकाना भरल्याशिवाय पुढे का जाता येत नाही? सगळे प्रश्न 'कसं'चे. कोणासाठी आणि कशाला, हे आपण विचारत नाही, कारण आपल्याला लहानपणापासून सोडवायला शिकवलंय. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही पेपरात असा प्रश्न आला नाही, की हे बनवावं का?

म्हणून चार मागण्या. त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे नाहीत, तुमच्या-माझ्या टीमकडे आहेत. एक, पॉइंट अप्रेझलमध्ये येणार नाहीत हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन नको. दोन, दर सक्तीच्या रकान्यापुढे तो वाचणाऱ्याचं नाव लिहा. नाव सापडलं नाही तर रकाना काढा. तीन, स्टँडअपला माणसागणिक फिरू नका, उजवीकडून डावीकडे तिकिटागणिक फिरा. हे अडलंय, कोण हात लावतो, एवढंच. चार, नवी सोय सुरू करण्याआधी जे रोज ती भरणार त्यांना विचारा. आणि कॅम्पसला बसणाऱ्यांनो, मुलाखतीच्या शेवटी "काही प्रश्न?" असं विचारतात ना, तेव्हा विचारा, "तुमच्याकडे पॉइंट कोण बघतं?" उत्तर द्यायला लागलेला वेळ मोजा.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, एसटीतही हिशेब कडक असतो. वेबिलात प्रत्येक तिकीट लिहायचं, मधेच चेकिंगवाले चढायचे, माणसं मोजायचे, तिकिटं मोजायचे. एक कमी निघालं तर नोकरीवर गदा. "पण ते पैशांचा हिशेब घ्यायचे. म्हातारीचं गाठोडं मी उतरवून दिलं की नाही, शाळेच्या पोरींसाठी फाट्यावर दोन मिनिटं गाडी थांबवली की नाही, ते माझ्यावर सोडलेलं होतं. त्यातही हिशेब घुसवला असता तर गाठोडं कोणी उतरवलं असतं?"

तो डॅशबोर्ड अजून चालू आहे. रोज सकाळी नऊला ताजा होतो, आणि त्याच्या मालकाच्या जागी अजून माझं नाव आहे. तो बंद करावा म्हणून मी गेल्या आठवड्यात रीतसर तिकीट टाकलं, कारणासकट. कारणात मी तिचं नाव लिहिलेलं नाही, पण टीममधल्या सगळ्यांना कळलंय. तिकीट सध्या बॅकलॉगमध्ये आहे. प्राधान्य: कमी.

या शनिवारी मी ती स्क्रिप्ट स्वतःच बंद करणार आहे. त्याचं तिकीट नाही.