गाडीची नाडी : एअरबॅगचा दिवा



या उन्हाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे आली. विमानतळावरून आणताना तिला पाय पसरता यावेत म्हणून पुढची सीट पार मागे सरकवली आणि डिक्कीत न मावलेली लाडवांची पिशवी त्याच सीटखाली कोंबली. दुसऱ्या दिवसापासून डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला. गाडी झकास चालत होती. 'शनिवारी बघू' म्हणता म्हणता तीन शनिवार गेले.

शेवटी आईनेच विचारलं, "हा दिवा सारखा का रे पेटलेला?"

"काही नाही गं, एअरबॅगचा आहे."

"म्हणजे अपघातात फुगते ती ना? मग काही नाही कसं?"

इंजिनीअर मुलाची बोलती बंद!

खरी गोम इथेच आहे. हा दिवा इंजिनाचा नाही, त्यामुळे गाडी अडत नाही आणि आपण चालढकल करतो. इथे अमेरिकेत १९९८च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत पुढच्या दोघांसाठी एअरबॅग सक्तीची आहे. गाडी सुरू केली की हा दिवा काही सेकंद लागतो. तेवढ्यात एक छोटा संगणक सगळ्या वायरी आणि सेन्सर तपासतो. ठीक असेल तर दिवा जातो. तसाच राहिला, तर ऐन वेळी बॅग उघडेलच याची खात्री नाही.

कारणं बहुधा साधी असतात. सीटखालचा प्लग सैल होतो. स्टिअरिंगमधली गुंडाळलेली चपटी वायर तुटते; अशा वेळी कधी कधी हॉर्नही बंद पडतो. सीटबेल्टच्या खाचेत नाणं किंवा चिवड्याचा कण अडकतो. बॅटरी उतरलेली असते. किंवा जुन्या धडकेनंतर सेन्सर बदललेलाच नसतो.

आता पथ्यं. दिव्यावर काळी टेप चिकटवू नका (असे महाभाग मी पाहिले आहेत!). एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या असतात. त्यांना मीटर लावू नका, बॅग तोंडावर फुटू शकते. स्वस्तातला कोड रीडर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतो, एअरबॅगचे नाही. तेव्हा योग्य स्कॅनर असलेला मेकॅनिक गाठा. आणि 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' हा दिवा वेगळा. शेजारची सीट रिकामी असेल किंवा तिच्यावर हलकी वस्तू असेल, तर तो लागणं ठीकच. मोठं माणूस नीट बसलं असतानाही लागला, तर मात्र दाखवून घ्या.

उलट, दिवा नाही म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग लाखो गाड्यांतून परत मागवल्या गेल्या. तो दोष हा दिवा दाखवत नाही. गाडीचा सतरा आकडी-अक्षरी व्हिन नंबर सरकारी रिकॉलच्या यादीत टाकून बघा. अशी दुरुस्ती डीलरकडे फुकट होते.

आमच्याकडे सीटखालचा प्लगच ओढला गेला होता. मेकॅनिकने तो बसवला, कोड पुसला, पंधरा मिनिटांत काम झालं. घरी येऊन सांगितलं, "आई, दिवा विझला!"

"विझला म्हणू नये रे, मालवला म्हणावं," आई म्हणाली. "आणि लाडू आता डिक्कीत ठेव."

बरंय तर, भेटू पुढच्या अंकात!