रहीमसाहेबांचा वारसा : मैदान आहे, मास्तर कुठे?

विशेष प्रतिनिधी

किनवट : दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजारोहण होते आणि जुन्या हैदराबाद संस्थानाच्या आठवणी निघतात. त्यात रझाकारांचे अत्याचार आणि मुक्तिसंग्रामातील हौतात्म्य यांना अग्रस्थान असावे, हे योग्यच आहे. पण त्याच हैदराबादेतील एका शाळामास्तराने भारतीय फुटबॉलला आशियात अव्वल स्थान मिळवून दिले, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. किनवट तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या अर्थाने सय्यद अब्दुल रहीम हे इथल्या जुन्या पिढीच्या राजधानीचे नागरिक. एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले खरे. पण त्या चर्चेत अभिनेत्याचाच वाटा अधिक होता.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यार्थ्यांच्या संघातून फुटबॉल खेळले. पुढे शिक्षकी पेशा पत्करला, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि दारुल-उलूम व चादरघाट या शाळांत खेळांची जबाबदारी सांभाळली. त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग चरित्रकार दोन ओळींत उरकतात. वास्तविक सारे मर्म तिथेच आहे. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी १९५० मध्ये हाती घेतला आणि मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला. कोलकात्याच्या मातब्बर क्लबांना हा धक्का पचवणे जड गेले.

त्यांची शिकवण्याची पद्धत वर्गातल्या शिक्षकाची होती. चेंडू पायात घोळवत न ठेवता लगेच साथीदाराकडे द्यावा, हे ते केवळ सांगत बसले नाहीत. चेंडू घोळवण्यास मनाई असलेल्या स्पर्धाच त्यांनी भरवल्या. कमकुवत पायानेच खेळायचे, अशा नियमाचे सामनेही घेतले. मुलाला जे येत नाही तेवढेच त्याच्याकडून करवून घ्यायचे, ही गणिताच्या मास्तरांची जुनी युक्ती. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा गरीब घरातला मुलगा. सरावाला यायचे तर जाण्यायेण्याचा खर्च झेपेना. तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीसाठी पैसे दिले, अशी आठवण सांगितली जाते. याच बलराम यांनी पुढे दोन ऑलिंपिक खेळली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

राष्ट्रीय संघाचा आलेखही सरळ नाही. १९५१ मध्ये दिल्लीत इराणला १-० असे हरवून आशियाई सुवर्ण मिळाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. त्या पराभवानंतर बुटांची सक्ती झाली. १९५६ मध्ये मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधील आपली ती आजवरची सर्वोच्च मजल आहे.

आणि मग जकार्ता, १९६२. इस्रायल व तैवान यांना वगळण्यावर भारतीय प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने यजमान प्रेक्षक भारतीयांवर संतापलेले. गटातील सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरवलेले. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, दुसरा जर्नेलसिंग यांनी. कोरियाला २-१ असे नमवून भारताने सुवर्णपदक जिंकले. प्रशिक्षक तोवर फुफ्फुसाच्या कर्करोगाने पोखरले गेले होते. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे एकच पदक मिळाले, १९७० चे बँकॉकचे कांस्य. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत त्यात भर पडली नव्हती. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर २२ वर्षांनी.

पुरस्काराचा हा हिशेब मांडून हळहळणे सोपे आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. रहीमसाहेब ज्या जागेवर उभे राहून घडले ती जागा, म्हणजे शाळेतील पूर्णवेळ खेळशिक्षकाची, आज काय अवस्थेत आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे, असे ती म्हणते. वर्गांना खेळाचे साहित्यही द्यावे, असेही म्हणते. खेळ शिकवणाऱ्या माणसाचा विषय आला की मात्र तिचा हात आखडतो. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक, आणि तोही अंशकालीन. शंभराच्या आत पट असलेल्या शाळेला तेवढेही नाही.

डोंगराळ, आदिवासीबहुल किनवटसारख्या तालुक्यात वाड्यापाड्यांच्या शाळांचा पट किती असतो, हे निराळे सांगायला नको. शहरातला पालक शुल्क भरून मुलाला खासगी अकादमीत धाडतो. इथल्या पाड्यावरच्या मुलापुढे शाळेतला शिक्षक हाच एकमेव प्रशिक्षक. तोच तासांवर नेमलेला असेल, तर संध्याकाळी मैदानावर थांबणार कोण? कमकुवत पायाच्या स्पर्धेला फार पैसा लागत नाही. एक चेंडू, एक शिट्टी आणि रोज हजर असणारा माणूस एवढेच लागते. कायद्याने यातल्या पहिल्या दोन गोष्टींची सोय केली आहे.

बलराम यांचे अम्मुगुडा हैदराबादपासून निदान सायकलच्या अंतरावर होते. किनवटहून नांदेड शंभरावर किलोमीटर आहे.