फ्रेंच सूपला गरवा कांदा

फ्रेंच ऑनियन सूप कांदा, रस्सा, शिळा पाव आणि चीज या चार जिनसांवर उभे असते. पातळ चिरलेला कांदा लोण्यात मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परततात, हाडांच्या किंवा भाज्यांच्या रश्श्यात उकळतात, वर पावाचा काप आणि किसलेले चीज ठेवून ते भट्टीत खरपूस करतात. फ्रान्समध्ये कांद्याचे सूप हे पिढ्यान्‌पिढ्या गरिबाघरचे जेवण होते. चीजचा थर असलेल्या रूपाला नावलौकिक मिळाला तो पॅरिसच्या ले आल या घाऊक बाजारामुळे. रात्रभर माल उतरवणारे हमाल आणि व्यापारी पहाटे तिथल्या खाणावळींत हे सूप पीत. तो बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रुंजिस येथे हलवण्यात आला, पण सूप तोवर जगभर पोचले होते.

पुण्याजवळच्या हिंजवडीत हे सूप घरी करायचे तर चीज आणि पावाची थोडी जुळवाजुळव करावी लागते. मुख्य जिन्नस मात्र हाताशी आहे. हिंजवडीचा मुळशी तालुका भाताचा असला तरी पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर हे तालुके कांद्याचे आहेत, आणि चाकणची कांद्याची बाजारपेठ इथून फार दूर नाही. कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही १९९८ पासून खेड तालुक्यात, राजगुरुनगरला आहे. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा शुभ्रा हे वाण तिथलेच.

सूपचे यश कांद्याच्या निवडीवर ठरते. खरिपाचा हळवा, लाल कांदा ऑक्टोबरपासून बाजारात येतो. त्यात पाणी जास्त असते आणि तो फार टिकत नाही. त्यानंतर रांगडा येतो. डिसेंबर-जानेवारीत लागण होऊन एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी किंवा गरवा कांदा फिकट, घट्ट आणि टिकाऊ असतो, म्हणून तोच चाळीत साठवतात. या सूपला तो सर्वांत योग्य. परदेशी पाककृतींत गोड कांदा घ्यावा असे वाचून अनेक जण अलिबागचा पांढरा कांदा शोधतात. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा कच्चा खाण्यासाठी उत्तम आहे. त्याचा गोडवा मुख्यतः तिखटपणा कमी असल्यामुळे जाणवतो. साठवणीच्या तिखट कांद्यात साखर आणि इतर घन पदार्थ बरेचदा गोड कांद्याहून अधिक असतात, पण तिखटपणाखाली ती गोडी झाकली जाते. आचेवर तिखटपणा निघून जातो आणि साखर मागे उरते. म्हणूनच डोळ्यांतून पाणी काढणारा गरवा कांदा सूपमध्ये सर्वांत गोड ठरतो.

हा तिखटपणा कापल्यावरच तयार होतो. कांद्याच्या पेशी फुटल्या की वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली गंधकयुक्त द्रव्ये आणि विकरे एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू बनतो. कांदा चिरण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर ही क्रिया मंदावते. धारदार सुरीने पेशी कमी चेचल्या जातात. कांदा देठापासून मुळाकडे उभा चिरावा. या दिशेने कापलेल्या फोडी दीर्घकाळ परतल्यावरही आकार धरून राहतात, आडव्या चिरलेल्या चकत्यांचा लगदा होतो.

चौघांसाठी एक किलो कांदा, ४० ग्रॅम लोणी, एक चमचा तेल, दोन चमचे मैदा आणि सव्वा लिटर रस्सा घ्यावा. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात लोणी आणि तेल तापवून कांदा आणि अर्धा चमचा मीठ घालावे आणि झाकण ठेवावे. एक किलो कांद्यात साधारण ८७० ग्रॅम पाणी असते. ते पातेल्यात आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते आणि कांदा फक्त शिजतो, रंग धरत नाही. पंधरा मिनिटांनी झाकण काढून पाणी आटू द्यावे. खरी रंगत यानंतर सुरू होते. कांद्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात रासायनिक क्रिया होऊन तपकिरी रंग आणि भाजका सुवास येतो.

या टप्प्यावर आच मंद हवी आणि लक्ष पातेल्याच्या तळाकडे हवे. कांदा आधी काचेसारखा पारदर्शक होतो, मग पेंढ्याच्या रंगाचा, मग मधाच्या. तळाला तपकिरी साय धरू लागली की दोन चमचे पाणी शिंपडून लाकडी उलथण्याने ती खरवडून कांद्यातच मिसळावी. सूपचा रंग आणि खोली याच सायीतून येते. ती काळी पडू दिली तर कडवटपणा सगळ्या पातेल्यात उतरतो आणि मग त्यावर उपाय नाही. झाकण काढल्यापासून पाऊण ते एक तास जातो. शेवटी जेमतेम पाव किलो गडद, चिकट, गोड कांदा उरतो. बिर्याणीचा कांदा तेलात तळून कुरकुरीत करतात. इथला कांदा ओलसर, मऊ राहायला हवा. रंग लवकर यावा म्हणून साखर किंवा खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती टाळावी. साखरेने चव उथळ होते आणि सोड्याने फोडी विरघळतात.

आता मैदा घालून दोन मिनिटे परतावा. नाशिकची कोरडी पांढरी वाईन अर्धी वाटी घातली तर तिचा आंबटपणा गोडव्याला तोलतो. वाईन नको असेल तर शेवटी लिंबाचे काही थेंब पुरतात. मूळ कृतीत गाईच्या हाडांचा रस्सा असतो. इथे कोंबडीच्या किंवा मटणाच्या हाडांचा चालतो. शाकाहारी रश्श्यासाठी गाजर, सेलरी, एक टोमॅटो, मूठभर मशरूम, मिरी आणि कांद्याची स्वच्छ धुतलेली साले पाऊण तास उकळून गाळावीत. सालांनी रंग येतो, मशरूम आणि टोमॅटोने मांसल चव. फ्रेंच कृतीतील थाइम न मिळाल्यास चिमूटभर ओवा घालावा. दोहोंत थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य आहे. आपले तमालपत्र मात्र युरोपातल्या बे लीफपेक्षा वेगळ्या झाडाचे असते. त्याचा दालचिनीसारखा वास इथे वरचढ होतो, म्हणून ते वगळावे. रस्सा घातल्यावर सूप अर्धा तास मंद उकळावे.

पाव आदल्या दिवसाचा हवा. बगेट नसेल तर बेकरीचा साधा पाव आडवा कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजावा, म्हणजे तो सुपात लगेच विरघळत नाही. चीजमध्ये ग्रुयेर परंपरेचे आहे. त्याऐवजी भारतीय गौडा किंवा एमेंटल घ्यावे. प्रोसेस्ड चीजमधल्या क्षारांमुळे ते एकसारखे वितळते, पण त्याला मुरलेल्या चीजची चव नसते. भट्टीत चालणाऱ्या वाडग्यात सूप ओतून, त्यावर पाव आणि भरपूर चीज ठेवून ओटीजीमध्ये २२० अंशांवर, वरची कॉइल चालू ठेवून पाच-सात मिनिटे भाजावे. चीज कडेने उकळून त्यावर तपकिरी ठिपके आले की झाले. ओटीजी नसल्यास पावावरच चीज ठेवून झाकणाखाली तव्यावर वितळवावे आणि तो पाव सुपात सोडावा.

या कृतीत वेळ जातो तो मुख्यतः कांदा परतण्यात, आणि ते काम आधी उरकता येते. परतलेला कांदा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन महिने चांगला राहतो. दिवसभर आयटी पार्कमध्ये जाणाऱ्या घरांत सुटीच्या दिवशी दोन किलो कांदा परतून त्याचे भाग करून ठेवले, तर आठवड्यातल्या कुठल्याही संध्याकाळी रस्सा, पाव आणि चीज घालून पाऊण तासात सूप होते. एप्रिल-मेमध्ये गरवा कांदा मुबलक आणि स्वस्त असतो. तेव्हा परतून फ्रीझरमध्ये ठेवलेला कांदा मुळशीच्या पावसात, या सूपची खरी गरज भासते तेव्हा, कामी येतो.